पाळीव पोपटाला औषधी पाने : काय द्यावे, किती द्यावे, काय देऊ नये (परिसर अभ्यास – पूरक पाठ)



'औषधी वनस्पती' हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. तुळस सर्दीवर, अडुळसा खोकल्यावर, हळद जखमेवर, ओवा पोटदुखीवर. फळ्यावर दोन रकाने आखायचे, डावीकडे वनस्पती, उजवीकडे उपयोग. मुलं दोन दिवसांत पाठ करतात आणि घटक संपतो. मीही बरीच वर्षं हा घटक असाच घेतला. शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, "घरगुती औषधाने कधी अपाय होत नाही." हे वाक्य पुस्तकातलं नव्हतं, माझंच होतं.

त्या वाक्याचं पुढे काय झालं ते आधी सांगते, मग पाठाकडे वळू.

माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाकडे पक्ष्यांची जोडी होती. बाजारातून आणलेली, एक हिरवा आणि एक निळा. दुकानदार त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरं तर ते बजरीगर होते. थंडीच्या दिवसांत निळा पक्षी पिसं फुगवून बसायला लागला. मुलाने वहीतला तक्ता काढला आणि आजीच्या मदतीने लसूण ठेचून, अडुळशाची पानं उकळून काढा केला. पिण्याच्या वाटीतलं पाणी ओतून त्यात तो काढा भरून ठेवला. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला होता.

मुलगा शाळेत आला तो गप्प. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाला, "बाई, तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, औषधी वनस्पतीने अपाय होत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच आठवड्यात मी एका पशुवैद्यक डॉक्टरांना भेटले. ते म्हणाले, "पक्षी आधीच आजारी होता, त्यामुळे नक्की कशाने गेला हे मी आता सांगू शकत नाही. पण लसूण पक्ष्यांना चालत नाही. आणि वाटीतल्या पाण्याला वास आला, की पक्षी पाणी पिणंच कमी करतो. आजारी पक्ष्याला तेवढंही पुरतं."

म्हणजे मुलाने प्रेमाने केलं, आजीने प्रेमाने केलं, आणि मी शिकवलेलं दोघांनी तंतोतंत पाळलं. चूक माझ्या अर्धवट पाठात होती. तो पाठ मी नंतर नव्याने तयार केला. आज तो तुमच्यासमोर ठेवते आहे.

१. आधी पक्षी ओळखा

पाठाची सुरुवात या प्रश्नाने करा : घरात कोणता पोपट आहे?

आपल्याकडे झाडांवर थव्याने दिसणारा, लाल चोचीचा हिरवा पोपट, म्हणजे आपला राघू, हा रानपक्षी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतातले कोणतेही रानपोपट पकडणे, विकणे आणि पिंजऱ्यात पाळणे गुन्हा आहे. कंठाची लाल-काळी रेघ असलेला असो की खांद्यावर लाल ठिपका असलेला मोठा पहाडी पोपट असो, नियम एकच. हे सांगताना वर्गात हळुवारपणा ठेवावा लागतो, कारण एखाद्या मुलाच्या आजोबांकडे वर्षानुवर्षं मिठू असतो. मुलाला सगळ्यांसमोर उभं करू नका. पालकांशी स्वतंत्र बोला. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. माणसाळलेला पोपट असाच उडवून देणं हेही बरोबर नाही, तो बाहेर स्वतःचं अन्न शोधू शकत नाही.

लोक घरी पाळतात ते बजरीगर आणि कॉकेटिल (बाजारात याला 'कॉकटेल' म्हणतात) मूळचे ऑस्ट्रेलियाचे, तर खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. हे सगळे पोपटाच्याच जातकुळीतले. पुढची माहिती या पक्ष्यांसाठी आहे.

२. हिरवा पाला कशासाठी?

बहुतेक घरांत या पक्ष्यांना फक्त राळं आणि बाजरी मिळते. कोरड्या दाण्यांत अ-जीवनसत्त्व फारच कमी आणि कॅल्शियमही कमी. नुसत्या दाण्यांवर वाढलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांमध्ये अ-जीवनसत्त्वाची कमतरता नेहमी आढळते. तिचा परिणाम नाक, घसा आणि श्वासमार्गाच्या आतल्या आवरणावर होतो, आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. हिरव्या पाल्यातून आणि गाजरासारख्या केशरी भाज्यांतून ही उणीव भरून निघते.

म्हणजे कोथिंबीर, पुदिना ही पानं पक्ष्यासाठी आधी अन्न आहेत. निरोगी पक्ष्याला थोडी थोडी द्यायची, म्हणजे तो निरोगी राहतो. आजारी पडल्यावर काढा करून पाजायची ही वस्तू नाही. हा फरक मुलांच्या मनात पक्का बसला, की निम्मा पाठ झाला.

३. पक्ष्याचं शरीर आणि आपलं शरीर

इथे वर्गात दोन गोष्टी करून घ्या.

पहिली गोष्ट मिरचीची. "पोपट मिरची आवडीने खातो, त्याला तिखट लागत नाही का?" हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. उत्तर आहे, नाही लागत. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्यामुळे आपल्या तोंडातल्या ज्या संवेदी पेशी पेटून उठतात, त्याच प्रकारच्या पेशी पक्ष्यांमध्ये कॅप्सेसिनला दाद देत नाहीत. म्हणून पक्षी मिरची खातात आणि तिच्या बिया दूरवर टाकतात. मग मुलांना विचारा : जे आपल्याला झोंबतं ते पोपटाला झोंबत नाही, तर जे आपल्याला मानवतं ते त्याला मानवेलच असं म्हणता येईल का? मुलं स्वतःच "नाही" म्हणतात. हे 'नाही' त्यांच्याकडून यायला हवं, आपल्याकडून नको.

दुसरी गोष्ट गणिताची. बजरीगराचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम असतं. आपण ३५ ग्रॅम धरू. चौथीतल्या मुलाचं वजन २८ किलो धरू.

२८ किलो = २८,००० ग्रॅम
२८,००० ÷ ३५ = ८००

म्हणजे मूल पक्ष्याच्या ८०० पट जड. पक्ष्याच्या पोटात एक मिलिलिटर काढा गेला, तर तो मुलाने ८०० मिलिलिटर काढा पिण्यासारखा आहे. मी टेबलावर पाण्याची जवळजवळ भरलेली बाटली ठेवली आणि म्हटलं, "एवढा लसणाचा काढा कोण पिणार?" वर्गात आधी हसू आलं, मग शांतता पसरली.

एक सूचना. ही तुलना फक्त अंदाज येण्यासाठी आहे. औषधाची मात्रा अशा भागाकाराने काढत नाहीत. लहान पक्ष्यांच्या शरीराचा वेग वेगळा असतो, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

४. देण्यासारखी पाने

• कोथिंबीर : पानं आणि कोवळे देठ दोन्ही चालतात. सुरुवात करायला सगळ्यात सोपी.
• पुदिना : वास तीव्र असतो, म्हणून दोन-तीन पानंच.
• तुळस : एखाद-दोन पानं. पण वृंदावनातली तुळस नको. तिच्यावर हळद-कुंकू, दिव्याचं तेल, उदबत्तीची राख पडलेली असते. पक्ष्यासाठी वेगळ्या कुंडीत एक रोप लावा.
• मेथी : कोवळी पानं. दाणे भिजवून मोड आणूनही देता येतात, फक्त मोड ताजे आणि बुरशीविना हवेत.
• शेवग्याचा पाला : अ-जीवनसत्त्वासाठी आणि कॅल्शियमसाठी उत्तम. गावाकडे फुकट मिळतो आणि आपल्या मुलांच्या ताटातही हवा.
• शेपू आणि बडीशेपेचा हिरवा पाला : थोडा.
• दूर्वा : स्वच्छ जागेतल्या, धुतलेल्या.

५. कधीतरीच द्यायची पाने

पालक, माठ, आंबट चुका. या भाज्या वाईट नाहीत. पण त्यांत ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य जास्त असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. अंडी घालणाऱ्या मादीला तर कॅल्शियमची फार गरज असते. त्यामुळे रोज पालक नको, आठवड्यातून एखाद वेळी एक लहानसा तुकडा पुरे. पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवून ठेवावा, पक्षी त्यावर चोच घासतो आणि कॅल्शियमही मिळतं.

६. अजिबात देऊ नये

• लसूण आणि कांदा : कच्चा, शिजवलेला किंवा काढ्यात, कुठल्याही रूपात नको. यांतल्या द्रव्यांमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.
• कोरफड : कापल्यावर पानाच्या सालीजवळून जो पिवळा चीक येतो तो जुलाब करणारा असतो.
• अडुळशाचा, ओव्याचा किंवा कोणताही काढा, अर्क, तेल. पान आणि अर्क यांत फरक आहे. मूठभर पानांतलं द्रव्य अर्काच्या एका थेंबात उतरतं.
• ॲव्होकॅडो : हल्ली शहरात मिळतं. पक्ष्यांसाठी हे फळ आणि त्याची पानं दोन्ही विषारी आहेत.
• चहा, कॉफी, चॉकलेट, खारवलेले पदार्थ, फोडणी घातलेली भाजी.
• सफरचंदाच्या बिया. फोड चालते, बिया काढून.
• कण्हेर, बिट्टी, धोतरा, रुई, घाणेरी, मनी प्लांट. पक्षी घरात मोकळा सोडत असाल तर ही झाडं त्याच्या चोचीपासून लांब हवीत.

आणखी एक सवय आपल्या घरांत आहे. बाळाला सर्दी झाली की ओव्याची धुरी देतात. पक्ष्याला धुरी कधीही देऊ नका. पक्ष्यांच्या फुफ्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या असतात. त्यांची श्वसनसंस्था हवेतलं सगळं झपाट्याने शोषते, धूर आणि कापराचा उग्र वाससुद्धा. पिंजरा स्वयंपाकघरात आणि देवघराजवळ नसावा. नॉनस्टिक भांडं रिकामं तापलं तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

"पण बाई, रानातला पोपट निंबोळ्या खातो की!" असं एक मुलगी म्हणाली. प्रश्न छान होता. रानातला पोपट दिवसभरात कितीतरी झाडांवर हिंडतो, थोडं खातो, बरंच टाकतो, नको ते सोडून उडून जातो. पिंजऱ्यातल्या पक्ष्यासमोर आपण ठेवू तेवढंच. निवड त्याच्या हातात नाही, म्हणून जबाबदारी आपल्या हातात. कडुनिंबाची धुतलेली डहाळी बसायला दांडी म्हणून लावा, पण निंबाचं तेल किंवा काढा नको.

७. कृती : पाने कशी द्यावीत?

१) पानं कुठून आली ते बघा. रस्त्याकडेची, फवारणी केलेल्या शेताच्या बांधावरची, नाल्याकाठची नकोत. कुंडीतली सगळ्यात चांगली.
२) भरपूर पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुवा. झटकून निथळवा.
३) एका वेळी एकच नवीन पान. दोन-तीन दिवस बघा, मग दुसरं. एकदम पाच प्रकार दिले आणि त्रास झाला, तर कशाने झाला ते कळणार नाही.
४) बजरीगरासाठी कोथिंबिरीची एक-दोन टोकं पुरतात. हिरवा पाला हे जेवणातलं तोंडीलावणं आहे, दाणे बंद करायचे नाहीत.
५) लहान जुडी करून पिंजऱ्याच्या सळीला चिमट्याने लावा. पक्षी खेळत खेळत खातो.
६) दोन-तीन तासांनी उरलेली पानं काढून टाका. उन्हाळ्यात त्याहून लवकर. ओली पानं कुजतात.
७) पहिल्यांदा पक्षी पानाला शिवणारही नाही. जबरदस्ती नको, रोज ठेवत राहा.
८) पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाला फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. पिंजऱ्याची कोरडी घाण झाडू नका, ओल्या कपड्याने पुसा.

८. नोंदवही

पाठातला माझा आवडता भाग हा आहे. पिंजऱ्याच्या तळाशी पांढरा कागद घाला आणि रोज बघा. मुलं आधी "शी!" म्हणतात, पण दोन दिवसांत शास्त्रज्ञ होतात.

पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग दिसतात : हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. हिरवा पाला खाल्ल्यावर पाण्याचा भाग वाढतो, त्याने घाबरायचं कारण नाही. पण घट्ट भागच पातळ झाला, रंग एकदम बदलला किंवा रक्त दिसलं, तर ते आजाराचं लक्षण आहे.

घरात ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा असेल तर आठवड्यातून एकदा वजन घ्या. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन साडेतीन ग्रॅमने घटलं, म्हणजे दहा टक्के घटलं. डोळ्याला हे दिसत नाही, पिसं झाकून घेतात. काट्याला दिसतं. शेकडेवारीसाठी यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून मिळालेलं नाही.

९. पक्षी आजारी पडला तर

पक्षी आपला आजार लपवतात. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत लवकर येतो, म्हणून ही सवय. तो आजारी 'दिसायला' लागतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. लक्षणं अशी : दिवसाही पिसं फुगवून बसणं, डोळे मिटणं, खाणं बंद, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होणं, दांडी सोडून तळाशी बसणं.

यातलं एकही दिसलं तर काढा नाही, घरगुती प्रयोग नाही. पिंजरा वाऱ्यापासून आडोशाला, उबदार जागी ठेवा, वाटीत साधं स्वच्छ पाणी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. 'उद्या बघू' हे पक्ष्याच्या बाबतीत चालत नाही. जाताना तळाचा कागद आणि नोंदवही बरोबर न्या, डॉक्टरांना मदत होते.

१०. वर्गातील उपक्रम : पत्रीची जुडी

गणेशोत्सवाच्या आसपास हा उपक्रम घ्या. गणपतीला वाहतात त्या पत्रीत दूर्वा, बेल, आघाडा, माका असतात, तशीच धोतरा, कण्हेर आणि रुईची पानंही असतात. सगळी पवित्र, बरीचशी औषधी, आणि त्यांतली काही विषारी. मुलांना पानं ओळखायला लावा, पण धोतरा, कण्हेर, रुई शिक्षकांनीच हाताळावीत. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. पाहून झाल्यावर सगळ्यांनी हात धुवायचे. पूजेनंतरचं निर्माल्य गायी-शेळ्यांना किंवा पक्ष्यांना घालू नये, हेही याच वेळी सांगा.

मग फळ्यावर तक्ता काढा. या वेळी दोन नाही, पाच रकाने : वनस्पती, उपयोग, कोणासाठी, किती, आणि कोणाला विचारून. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांच्या मदतीने भरून आणू द्या. आजीचं ज्ञान खोटं नाही. तिने ते माणसांच्या बाबतीत, वर्षानुवर्षांच्या अनुभवाने मिळवलं आहे. आपण ते पक्ष्याला लावताना 'कोणासाठी?' हा प्रश्न विचारायचा राहिलो, एवढंच.

नुसते दोन रकाने पाठ करून घेण्याला आपण पोपटपंची म्हणतो. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने पोपटपंची केली नव्हती. त्याने शिकलेलं खरोखर वापरलं होतं. आपल्याला हेच हवं असतं ना, की मुलांनी शिकलेलं जगण्यात वापरावं? मग वापरण्याजोगं पूर्ण शिकवणं हे आपलं काम आहे.

त्या मुलाकडचा हिरवा पक्षी अजून आहे. मी त्याच्या घरी गेले तेव्हा खिडकीत कोथिंबिरीची कुंडी होती. आजी म्हणाल्या, "आता हा मला धड काही घालू देत नाही, आधी वही बघतो." वहीत तारखेनुसार लिहिलेलं होतं : सोमवार – कोथिंबीर, दोन टोकं, खाल्ली. मंगळवार – पुदिना, खाल्ला नाही. शेवटच्या पानावर पाच रकान्यांचा तक्ता होता. त्यात लसणापुढे 'कोणासाठी' या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "माणसांसाठी."

मी त्याला सांगितलं, की तेव्हा माझं वाक्य चुकलं होतं. तो म्हणाला, "हो बाई, माहितीय." आणि कुंडीला पाणी घालायला गेला.

हा पाठ तुमच्या वर्गात घेऊन बघा. पालकहो, घरात पक्षी असेल तर आज एकच करा, त्याच्या वाटीत काय काय पडतं ते मुलाबरोबर बसून लिहून काढा.